हिरवा स्टिकर

टेरेसाचं आपल्या मेव्हण्याबद्दलचं मत त्याच्या लग्नाच्या दिवसापासून वाईटच होतं; पण हॅलोवीनच्या आठवड्यात त्याने बहारिनमधल्या सित्राच्या प्लांटमधून मेटल डिटेक्टर घरी आणला, तेव्हा इतकी वर्षं आपण ह्या माणसाला उगाच सांभाळून घेतलं असं तिला वाटलं.

डिटेक्टर म्हणजे विमानतळावर अंगावरून फिरवतात तसला काळा दांडका. ज्युलियन तुस्कानो त्या प्लांटमध्ये सेफ्टी मॅनेजर होता. शिवाय रिफातल्या ज्या कंपाउंडमध्ये तो, त्याची बायको हॅझेल आणि आठ वर्षांचा ग्लेन राहत, तिथल्या रहिवाशांच्या कमिटीचा तो अध्यक्ष होता. कंपाउंड म्हणजे उंच भिंतीच्या आत वीसेक व्हिला, एक आतला रस्ता, एक क्लबहाउस आणि पुढेमागे दोन गेटं. दर वर्षी हॅलोवीनच्या संध्याकाळी इथली मुलं भुताखेतांचे कपडे घालून घरोघर जायची, दारावर थापा मारून चॉकलेटं मागायची आणि पोट बिघडेपर्यंत खायची. ह्यात कमिटीचा काही संबंध नसे. यंदा मात्र कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा देशात चॉकलेटात सुई सापडली होती म्हणे. ज्युलियनने तो व्हिडिओ पुन्हापुन्हा बघितला आणि त्याच्या अंगात आलं.

त्याच्या अंगात यायला तसं फारसं निमित्त लागत नसे. वसईला, निर्मळच्या चर्चमध्ये त्याचं लग्न झालं, तेव्हा त्याने बँडवाल्यांना जनरेटरपासून इतकं लांब उभं केलं होतं, की नवरा-नवरी चर्चच्या दारात आणि बँड तळ्याच्या पलीकडे. घरी पाहुणे जेवायला आले की ताटं वाढण्याआधी तो त्यांना आग लागल्यास बाहेर पडायची वाट दाखवी. जिन्याच्या वळणावर त्याने गोल आरसा बसवला होता, समोरून येणारं माणूस दिसावं म्हणून. घरात माणसं तीन. टेरेसा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला येई, त्या आरशात बघून केस नीट करी आणि दर वेळी हॅझेलला ऐकवी, की तुझ्या नवऱ्याच्या हातून एवढं एक तरी उपयोगाचं काम झालं.

टेरेसा ही हॅझेलची मोठी बहीण. पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची, मुहर्रकमध्ये एकटीच्या फ्लॅटमध्ये राहणारी, आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स. तिथे रोज खरं रक्त पुसणाऱ्या बाईला बाटलीतल्या लाल रंगाचं कौतुक वाटणं शक्यच नव्हतं. तिच्या लहानपणी ऑल सोल्सला, म्हणजे मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, सगळं गाव मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जायचं. मेलेल्यांची भीती कुणाला नसायची, ती घरचीच माणसं होती. आता त्याच गावची माणसं बहारिनच्या मॉलमधून प्लॅस्टिकचे सांगाडे विकत आणून दारात टांगत होती, आणि आजोबांच्या कबरीवर यंदा कोण जाणार हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. असल्या लोकांबद्दल टेरेसाला जे वाटे ते ती चारचौघांत बोलून दाखवी, म्हणून लोक तिला जरा टरकूनच असत.

तिच्या तिरस्कारातून सख्खी बहीणही सुटली नव्हती. हॅझेल बँकेत चांगल्या हुद्द्यावर होती, पण घरी तिचं प्रत्येक वाक्य 'ज्युलियन म्हणतो'पासून सुरू होई. ज्युलियन म्हणतो गॅस संपायच्या आधी बदलावा, ज्युलियन म्हणतो ग्लेनने सायकल पुढच्या वर्षी शिकावी. शाळेत असताना ह्याच पोरीने आंब्याच्या झाडावरून उडी मारून हात मोडून घेतला होता आणि वर हसत घरी आली होती, हे टेरेसाला आठवे आणि तिचं डोकं उठे.

हॅलोवीनच्या आधी क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. हॅलोवीनपुरती मेडिकल ऑफिसर म्हणून टेरेसाने यावं असा ज्युलियनने आग्रह धरला, आणि तमाशा फुकट बघायला मिळतोय म्हणून ती गेली. ज्युलियनने पडद्यावर चित्रं दाखवली. चॉकलेटातल्या सुया, टॉफीतली ब्लेडं, काळा कोट घातलेला एक अनोळखी माणूस. हा माणूस कुठून आणला असं टेरेसाने विचारलं तेव्हा तो इंटरनेटवरचा आहे असं कळलं. मग नियम आले. प्रत्येक घराने आपली चॉकलेटं आदल्या दिवशी क्लबहाउसमध्ये जमा करायची. तिथे ती डिटेक्टरखालून जाणार, मूळ वेष्टणं काढून सगळी कमिटीच्या एकसारख्या नारिंगी कागदात गुंडाळली जाणार, म्हणजे बाहेरून कुणी काही मिसळलं तर लगेच ओळखू येईल. आणि प्रत्येक पुडीवर हिरवा स्टिकर लागणार. हिरवा स्टिकर म्हणजे सुरक्षित. स्टिकर नसलेलं काहीही मुलांनी तोंडात घालायचं नाही. मागचं गेट बंद.

म्हणजे आपलीच चॉकलेटं आपण जमा करायची, आपणच तपासायची, परत आपल्याच घरी न्यायची आणि आपल्याच पोरांना द्यायची, असं टेरेसाने मोठ्याने सांगून टाकलं. काही जण हसले. ज्युलियन हसला नाही. मग तिने विचारलं, की ह्या देशात चॉकलेटात सुई कधी कुणाला सापडली आहे का? तो म्हणाला, एकही घटना घडलेली नाही, आणि ह्यावरूनच यंत्रणा चांगली आहे हे सिद्ध होतं. यंत्रणा तर यंदाच सुरू होते आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

टेरेसाने एक सूचना मात्र खरोखर मनापासून केली. इमर्जन्सीत तिने सुई गिळलेलं पोर कधी पाहिलं नव्हतं, पण गाडीखाली आलेली पुष्कळ पाहिली होती. अंधारात, काळे कपडे घालून, मुखवट्याच्या भोकांतून बघत पोरं रस्ता ओलांडणार. तेव्हा संध्याकाळी दोन तास आतल्या रस्त्यावर गाड्या बंद ठेवा. त्यावर कमिटीत बरीच कुजबुज झाली. एकाकडे त्या दिवशी जेवायला पाहुणे होते, दुसऱ्याला गाडी बाहेर उभी केली तर धूळ बसेल अशी काळजी होती. सूचना बारगळली. त्याऐवजी मुलांना पिवळी चमकणारी जाकिटं आणि गळ्यात शिट्ट्या द्यायचं ठरलं.

शेवटी हॅझेलने हात अर्धवट वर केला. ग्लेनला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. दोन वर्षांचा असताना गावी, नंदाखालच्या आजीने कौतुकाने त्याच्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला होता आणि पोर हातचं जाता जाता राहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या कमरेला एक छोटी पिशवी असे आणि तिच्यात इंजेक्शनचं पेन. श्वास अडकायला लागला, अंगावर गांधी उठल्या की मांडीत दाबून टोचायचं. जाकिटावरून ती पिशवी बांधली तर चालेल ना, एवढंच हॅझेलला विचारायचं होतं. ज्युलियन म्हणाला, पिशवीमुळे जाकिटाची चमकणारी पट्टी झाकली जाईल. औषधं सगळी एकाच जागी असलेली बरी. पेन क्लबहाउसच्या मेडिकल कपाटात ठेवू, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. हॅझेलने मान हलवली आणि हात खाली घेतला.

टेरेसाने बहिणीकडे असं बघितलं, की शेजारच्या बाईने खुर्ची जरा सरकवून घेतली.

आदल्या दिवशी ड्युटी संपवून टेरेसा मुद्दाम क्लबहाउसला गेली. तिला ते दृश्य चुकवायचं नव्हतं. ज्युलियन हातमोजे घालून टेबलामागे उभा होता आणि चॉकलेटांच्या ढिगावरून दांडका फिरवत होता. चांदीच्या कागदातलं चॉकलेट आलं की दांडका ओरडे, मग तो कागद काढून पुन्हा फिरवी. दोन बायका नारिंगी पुड्या बांधत होत्या, तो स्वतः स्टिकर चिकटवत होता, आणि प्रत्येक स्टिकरवर अंगठा दाबून जरा थांबत होता, जणू काही पासपोर्टवर शिक्का मारतोय. टेरेसा खुर्चीवर पाय पसरून बसली, टेबलावरची सुटी चॉकलेटं उचलून खात राहिली आणि त्याला विचारत राहिली, की मोसंबीच्या गोळीत बाँब निघाला का, लिमलेटचं वजन केलं का. पुड्या बांधणाऱ्या बायकांना हसू आवरेना. त्या दिवशी तिचा वेळ फार मजेत गेला.

दुसऱ्या दिवशी पाचलाच अंधार पडायला लागला आणि पोरं बाहेर पडली. चेटकिणी, सांगाडे, एक गुंडाळलेली ममी, आणि सगळ्यांच्या अंगावर रस्ता खणणाऱ्या कामगारांसारखी पिवळी जाकिटं. ग्लेन रक्तपिपासू सरदार झाला होता. हॅझेलने त्याला पायघोळ काळा झगा शिवला होता. वरून जाकीट घातल्यामुळे तो ट्रॅफिक पोलिसासारखा दिसत होता. क्लबहाउसच्या दारात छातीवर बिल्ला लावून बसायचा टेरेसाला थोड्याच वेळात कंटाळा आला. ती उठून मागच्या गेटाकडे गेली.

गेटाला लागूनच बाहेर खदिजाचं घर होतं. खदिजा बहारिनीच, म्हातारी विधवा. रमजानच्या मध्यावर इथली मुलं नवे कपडे घालून, गाणी म्हणत दारोदार जातात आणि लोक त्यांच्या पिशव्यांत सुका मेवा आणि गोळ्या घालतात. त्या सणाला गरगाऊन म्हणतात. कंपाउंडमधली परदेशी पोरं वर्षातून एकदा चमत्कारिक कपडे घालून तेच करतात हे खदिजाने पहिल्या वर्षीच ओळखलं होतं, आणि तेव्हापासून हॅलोवीनलाही ती टोपली भरून बसे. यंदा गेट बंद बघून तिने खुर्ची गेटाबाहेर मांडली होती आणि गजांमधून हात घालून ती पोरांना अक्रोड, बदाम, शेंगदाणे वाटत होती. स्टिकर नव्हता, म्हणून पोरं घेऊन खिशात लपवत होती. टेरेसाला हे बघून इतकं बरं वाटलं, की तिने आतल्या बाजूने एक दगड ओढून घेतला आणि म्हातारीशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायला बसली.

ग्लेन आला तो एकटाच पुढे पळत आला. खदिजाने टोपलीला हात लावला नाही. मांडीवरच्या वेगळ्या पिशवीतून तिने त्याच्यासाठी खजूर काढले. ह्या मुलाला टोपलीतलं चालत नाही हे त्यानेच तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ग्लेन तसा फार शहाणा होता. कुणी काही दिलं की तो आधी विचारी, वेष्टणावरची बारीक अक्षरं वाची, आणि शंका आली तर आईला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नसे. खजूर खिशात ठेवून तो मावशीशेजारी बसला, झोळीतून एक नारिंगी पुडी काढली, स्टिकर सोलून जाकिटावर चिकटवला आणि आतला गोळा तोंडात टाकला.

टेरेसा खदिजाच्या गुडघेदुखीबद्दल विचारत होती. ग्लेन घसा खाकरायला लागला तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. मग तो मान खाजवायला लागला. तो म्हणाला, "मावशी, माझी जीभ मोठी झाली," आणि तो मराठीत बोलला. टेरेसा इंग्रजीला उत्तर देत नाही हे त्याला माहीत होतं, आणि ह्या घडीला त्याला उत्तर हवं होतं. तिने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. ओठ सुजले होते, गळ्यावर गांधी उठत होत्या आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता.

तिचा हात सवयीने त्याच्या कमरेकडे गेला. तिथे पिशवी नव्हती.

तिने पोराच्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि जीव खाऊन फुंकली. ज्युलियन जवळच होता, तो धावत आला. त्याने मुलाकडे पाहिलं, गजांपलीकडच्या टोपलीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. टेरेसाने ते नीट पाहिलं आणि पुढे कधी ती ते विसरली नाही. इतके दिवस तो ज्या अनोळखी माणसाची वाट बघत होता तो त्याला सापडला होता. गेटवरच्या रखवालदाराला, खिजरला, त्याने हुकूम सोडला, की म्हातारीला जाऊ देऊ नकोस, टोपली ताब्यात घे. टेरेसा किल्ली मागत होती, ओरडून मागत होती. तो म्हणत होता, देतो, देतो, आधी हिने ह्याला काय खायला दिलं ते कळू दे. आणि एका हाताने फोनवर टोपलीचं शूटिंग करत होता. खदिजा उभी राहून अरबीत काहीतरी सांगत होती. तिचं कुणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात हॅझेल आली. तिने कुणाला काही विचारलं नाही. मुलाला जमिनीवर बसवलं, त्याचा काळा झगा उलटा केला आणि अस्तराचा एक भाग टर्रकन फाडला. आत कप्पा शिवलेला होता. त्यातून तिने पेन काढलं, टोपण उडवलं, मांडीवर दाबलं आणि धरून ठेवलं. मग तिने खिजरला अँब्युलन्स बोलवायला सांगितली, आणि तोही साहेबाचा हुकूम विसरून फोन करायला लागला.

टेरेसा मुलाचा पाय धरून बसली होती. एवढंच काम तिच्या वाट्याला आलं होतं.

हॉस्पिटल टेरेसाचंच होतं. ड्युटीवरच्या डॉक्टर नाझिशने ग्लेनला आत घेतलं, नळी लावली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगितलं, की श्वास मोकळा झाला आहे, पेन वेळेवर टोचलं म्हणून. मात्र रात्रभर लक्ष ठेवावं लागेल. हॅझेल खुर्चीवर बसली आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

ज्युलियन आपल्या गाडीने मागाहून आला. त्याच्या हातात फोन होता. कंपाउंडच्या ग्रुपवर त्याने कधीच कळवून टाकलं होतं, की बाहेरच्या व्यक्तीने दिलेल्या पदार्थातून एका मुलाला विषबाधा झाली आहे, पुढची कारवाई चालू आहे. त्यावर घाबरलेल्या आयांचे निरोप धडाधड येत होते. कुणी म्हणे पोलिसांना कळवा, कुणी म्हणे त्या बाईला मी पहिल्यापासून ओळखून होते. ज्युलियनने हे वाचून दाखवलं. तो दमला होता, पण खूश नव्हता असं म्हणता येणार नाही.

ग्लेन जागा होता. आवाज बसला होता. आईने विचारलं, खदिजाआजीने दिलेलं काय खाल्लंस? त्याने डोकं हलवलं. खजूर खिशात होते, सगळे. मग काय खाल्लंस? त्याने खुर्चीवर पडलेल्या पिवळ्या जाकिटाकडे बोट दाखवलं. जाकिटावर गोल हिरवा ठिपका होता.

"पप्पाचा स्टिकर होता," तो म्हणाला. "कागदावर काही लिहिलं नव्हतं. पण पप्पाचा स्टिकर होता."

मग ज्युलियनने घसा साफ केला आणि म्हणाला, "तो स्टिकर धातूसाठी होता."

हे वाक्य टेरेसाने पुढे कितीतरी जणांना सांगितलं असतं. असल्या वाक्यांवर ती एरवी महिनाभर जगत असे. पण त्याच वेळी तिला काहीतरी आठवलं. आदल्या दिवशी त्या टेबलावरून उचलून खाल्लेल्या चॉकलेटांतलं एक आतून मऊ, खारट-गोड होतं. शेंगदाण्याची पेस्ट. चव तिला चांगली कळली होती, आवडलीही होती, म्हणून तिने दुसरं उचललं होतं. मूळ वेष्टणं तिच्या पायाशी कचऱ्याच्या पिशवीत पडत होती, आणि ती लिमलेटच्या वजनावर विनोद करत होती.

बाहेर पॅसेजमध्ये तिने हॅझेलला हे सांगितलं. सांगताना तिने स्वतःची बाजू मांडली नाही, तशी ती कुणालाच मांडू देत नसे. हॅझेल भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे पुसले.

"तुम्ही दोघंही हुशार माणसं," ती म्हणाली. "एकाने स्टिकर लावला, एकीने खाऊन बघितलं. आणि दोघांनाही मी मूर्ख वाटते."

"हो, वाटत होतीस," टेरेसा म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच कप्प्याचं तुलाही नाही सांगितलं. तू त्याच्यावरून मीटिंगमध्ये भांडण काढलं असतंस आणि त्याने कप्पा उसवायला लावला असता."

एवढं बोलून ती आत गेली. ज्युलियन ग्रुपवर नवा मजकूर लिहीत होता. त्यात प्रक्रियेतली उणीव होती, मूळ कारणाचा शोध होता, सर्व संबंधितांचे आभार होते. हॅझेलने तो वाचला, पुसून टाकला आणि स्वतःच्या फोनवरून लिहिलं, की ग्लेनने शेंगदाण्याचं चॉकलेट खाल्लं. ते आपल्या क्लबहाउसमधून, ज्युलियनच्या हातून गेलं होतं. खदिजाबाईंनी काहीही केलेलं नाही. ज्या आयांनी म्हातारीला पहिल्यापासून ओळखलं होतं, त्यांच्यापैकी एकीनेही चुकलं असं लिहिलं नाही. कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं, आणि ते सगळ्यांना पुरलं.

सकाळी ग्लेनला घरी सोडलं. वाटेत हॅझेलने गाडी खदिजाच्या दाराशी थांबवायला सांगितली. ज्युलियन म्हणाला, आधी सविस्तर पत्र तयार करू. हॅझेल तोवर उतरली होती. ग्लेनला काचा वर करून गाडीत ठेवलं आणि बाकीचे तिघं दाराशी गेले.

म्हातारी बाहेर आली ती हसली नाही. तिने आधी गाडीत मुलगा दिसतो का ते पाहिलं, काचेतून त्याच्याकडे बघून हात हलवला, आणि मग ज्युलियनकडे वळली. तो इंग्रजीत सुरू झाला. परिस्थिती, जबाबदारी, मुलांची सुरक्षितता. ती ऐकत राहिली. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. तो दमल्यावर ती हिंदीत म्हणाली, "मेरी टोकरी किधर है?"

टोपली त्याच्या डिकीत होती. पुरावा म्हणून तिला त्याने प्लांटमधली पिवळी पट्टी चहूबाजूंनी गुंडाळली होती. त्याने ती आणून तिच्यापुढे ठेवली. खदिजाने पट्टी नखाने उकलायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा त्याच्याकडे बघितलं. तो खाली बसला आणि पट्टी सोडवायला लागला. पट्टी चांगल्या प्रतीची होती, बराच वेळ लागला. शेजारच्या घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मग खदिजाने टोपलीतली मूठभर सरमिसळ उचलली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"खाओ," ती म्हणाली.

ज्युलियनने हॅझेलकडे पाहिलं. हॅझेल भिंतीवरच्या वेलाकडे पाहत होती. त्याने टेरेसाकडे पाहिलं. तिथून मदत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तो खायला लागला. बदाम, अक्रोड, पिस्ते, शेंगदाणे. म्हातारी शेवटचा दाणा जाईपर्यंत उभी राहिली. मग तिने "खलास" म्हटलं, टोपली उचलली, हॅझेलच्या गालाला हात लावला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तो गाडीकडे निघाला तेव्हा हॅझेलने त्याला अडवलं. शेंगदाणे खाल्लेल्या तोंडाने, त्या हातांनी मुलाजवळ जायचं नाही. घरी चालत ये, आंघोळ कर, दात घास, मग ये. सुटाबुटातला कमिटीचा अध्यक्ष मागच्या गेटाने आत गेला, आणि खिजरने त्याच्यासाठी कुलूप उघडताना दुसरीकडे बघितलं.

पुढे फार मोठं काही झालं नाही. ज्युलियनने अध्यक्षपद सोडलं नाही. कुणी मागितलंही नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. कचऱ्यात गेलेली वेष्टणं, नारिंगी कागद, स्टिकर ह्यांबद्दल कमिटीत एकदाही चर्चा झाली नाही. डिटेक्टर प्लांटमध्ये परत गेला. ग्लेनच्या कमरेची पिशवी मात्र आता कुणाला विचारून बांधली जात नव्हती, आणि हॅझेलच्या बोलण्यातलं 'ज्युलियन म्हणतो' कमी झालं होतं. सुट्टीच्या दिवशी जेवायला गेल्यावर टेरेसाच्या हे लक्षात आलं. जेवताना तिने बहिणीला पाणी लागेल का, एवढं विचारलं.

पण त्याआधी, हॅलोवीनच्या दोन दिवसांनी, ऑल सोल्सला ते सगळे मनामाच्या चर्चला गेले होते. ज्यांच्या माणसांच्या कबरी दूर गावी आहेत अशा लोकांसाठी अंगणात एक लांब टेबल मांडलं होतं आणि त्यावर मेणबत्त्या लावायच्या होत्या. गर्दी होती, लोक एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून मेणबत्त्या टेकवत होते. टेरेसाने आईबापांच्या नावाने दोन लावल्या आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ज्युलियन टेबलापाशी ओणवा झाला होता आणि कुणाची तरी मेणबत्ती हळूच उचलून दुसरीकडे ठेवत होता.

तिच्या तोंडात शब्द तयार होते, चांगले धारदार. हॅझेल शेजारीच उभी होती आणि तिच्याकडे बघत होती. टेरेसाने टेबलाकडे नीट पाहिलं. कुणीतरी ठेवलेल्या कागदी फुलांची एक पाकळी कडेने काळी पडली होती, आणि मेणबत्ती तिला खरंच फार लागून होती.

मग तिने तिसरी मेणबत्ती घेतली, ज्युलियनच्या बापाच्या नावाने, आणि ती फुलांपासून लांब लावली.